तारप्याचा फेर, चकली आणि संगणक: एका वळणाचा इतिहास



गेल्या काही पोस्ट समीकरणांवर झाल्या. आज थोडा इतिहास. विषय तोच आहे, गणितातल्या वक्ररेषा आणि त्यातून संगणकावर तयार होणारी अमूर्त चित्रं. फक्त सुरुवात पॅरिस किंवा न्यूयॉर्कपासून न करता जव्हार-मोखाड्यापासून करू या. का, ते पुढे कळेलच.

एक प्रयोग करा. कुठल्याही चित्रांच्या संकेतस्थळावर 'वारली' असं टाइप करा. दहापैकी दोन-तीन चित्रांत तरी हमखास एक गोल गोल आत जाणारी माणसांची रांग दिसेल आणि मधोमध लांब वाद्य फुंकणारा माणूस. हा तारपा नाच. यातली बरीचशी चित्रं आता कुणी हाताने काढलेली नसतात. एक आकृती काढायची, ती एका वक्ररेषेवर ठरावीक अंतराने शंभर वेळा चिकटवायची, झालं चित्र. दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो. मी स्वतः असे प्रोग्राम लिहितो, त्यामुळे ते किती सोपं आहे हे मला माहीत आहे.

प्रश्न असा आहे की त्या दहा ओळींत नेमकं काय आलं आणि काय बाहेर राहिलं? आणि ही वक्ररेषा कुणाची?

आधी गणित: शंख की चकली?

आत आत जाणाऱ्या वळणाला आपण मराठीत सर्पिल म्हणतो. पण सगळी सर्पिलं सारखी नसतात. दोन ओळखीची उदाहरणं घ्या.

शंख बघा. आतून बाहेर येताना त्याच्या दोन वेढ्यांमधलं अंतर वाढत जातं. आतला जीव वाढतो तसं घर रुंद होत जातं. हे लॉगरिदमिक सर्पिल.

आता चकली बघा. सोऱ्यातून येणारी तार एकाच जाडीची, त्यामुळे पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत अंतर सारखंच. हे आर्किमिडीजचं सर्पिल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. समीकरण एका ओळीचं आहे: मध्यापासूनचं अंतर = स्थिरांक × फिरलेला कोन. जितकं फिराल तितके बाहेर याल.

तारप्याचा फेर यातला कुठला? विचार करून बघा, उत्तर चित्र न बघताही काढता येतं. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून उभे असतात. प्रत्येक माणसाची रुंदी साधारण सारखी. रांग स्वतःभोवती वळते तेव्हा दोन वेढ्यांमध्ये पाय टाकण्यापुरती जागा हवी, आणि ती जागा आतल्या वेढ्यालाही तेवढीच लागते आणि बाहेरच्यालाही तेवढीच. म्हणजे अंतर सारखं. म्हणजे चकली!

बरं, रांग वळवायचीच कशाला? साधं वर्तुळ का नको? इथे थोडा हिशोब करू. समजा ६० जण नाचताहेत आणि एकाला ६० सेंटीमीटर जागा लागते. रांग झाली ३६ मीटरची. याचं एकच वर्तुळ केलं तर त्रिज्या येते साधारण ५.७ मीटर. तीच रांग दीड मीटर अंतर ठेवून सर्पिलात वळवली तर पावणेतीन वेढे होतात आणि सगळ्यात बाहेरचा माणूस मध्यापासून ४.१ मीटरवर असतो. आता माणसं दुप्पट करा, १२०. वर्तुळाची त्रिज्याही दुप्पट होते, ११.५ मीटर. सर्पिलाची मात्र फक्त ५.९ मीटर. कारण सर्पिलात जागा क्षेत्रफळाच्या हिशोबाने भरते, परिघाच्या नाही.

माणसं वाढली तरी अंगण पुरतं आणि शेवटच्या माणसापर्यंत तारप्याचा सूर पोहोचतो. आता कुणी हा हिशोब करून फेर ठरवला, असं मी म्हणत नाहीये. पण ज्या पाड्यावर अंगण लहान, माणसं पुष्कळ आणि वाजवणारा एकच, तिथे हा आकार टिकून राहणं साहजिक आहे.

नाचणाऱ्यांना समीकरण लागत नाही

तारपा म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं यांपासून बनवलेलं फुंकवाद्य. भात तयार झालं की त्याचे दिवस सुरू होतात. जव्हार-मोखाडा भागात वारलींबरोबर इतर आदिवासी समाजही तारप्यावर नाचतात, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. नाचाचे नियम थोडकेच. शेजारच्याला धरून राहायचं. तारपकऱ्याकडे पाठ करायची नाही. सूर बदलला की फेराची दिशा बदलायची.

यातला एकही नियम 'सर्पिल काढा' असं सांगत नाही. प्रत्येकाला फक्त आपल्या शेजारचा माणूस आणि मधला सूर एवढंच माहीत असतं. आकार आपोआप तयार होतो.

संगणकाच्या इतिहासात नेमकी हीच कल्पना १९६७ साली 'लोगो' या भाषेतून आली. सेमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती मुलांसाठी बनवली. तिच्यात पुढे एक कासव आलं. कासवाला सांगायचं, 'थोडं पुढे जा, थोडं वळ'. पडद्यावरच्या कासवाला आपण कुठे आहोत, मध्य कुठे आहे, काही ठाऊक नसतं. तरी दर पावलाला थोडं थोडं कमी वळत गेलं की त्याच्यामागे सर्पिल उमटतं.

म्हणजे एकच वळण दोन रस्त्यांनी येतं. एक रस्ता आर्किमिडीजचा: वरून बघा, मध्य ठरवा, समीकरण मांडा. दुसरा रस्ता नाचणाऱ्याचा आणि कासवाचा: खालून, पावलापावलाने. इंटरनेटवरची 'वारली' सर्पिलं पहिल्या रस्त्याने बनतात. नाच दुसऱ्या रस्त्याने.

यंत्राने काढलेल्या रेषा

आता यंत्रांकडे वळू. १८५७ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिसाजू यांनी कंप पावणाऱ्या नादकाट्यांना छोटे आरसे लावले, त्यावरून प्रकाशाचा किरण परावर्तित केला आणि आवाजाची वक्ररेषा डोळ्यांना दाखवली. अकरावी-बारावीला ज्यांनी ऑसिलोस्कोप पाहिला असेल त्यांना या आकृत्या आठवतील.

साधारण १९५० पासून अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बेन लापोस्की या आरेखकाने अशाच आकृत्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर घडवायला आणि त्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. १९५३ मध्ये त्याने त्यांचं प्रदर्शन भरवलं. नाव होतं 'इलेक्ट्रॉनिक अमूर्तं'. पुढे १९६५ साली एकाच वर्षात तीन प्रदर्शनं झाली: जर्मनीत श्टुटगार्टला आधी गेओर्ग नेस आणि नंतर फ्रीडर नाके यांचं, आणि न्यूयॉर्कमध्ये बेल लॅब्जच्या मायकेल नॉल आणि बेला युलेश यांचं. संगणककलेचा इतिहास सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात.

आपल्याकडेही यंत्र होतं बरं का. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा भारतात बांधलेला संगणक सुरू झाला. त्याला कॅथोड-रे नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आलेख दाखवता येत. म्हणजे जव्हारपासून दीडशेएक किलोमीटरवर वक्ररेषा काढू शकणारा पडदा तेव्हा होता. कामं अर्थातच विज्ञानाची.

नॉलची एक गोष्ट मात्र आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. त्याच्या 'गाउसियन-क्वाड्रॅटिक' या चित्राचा कॉपीराइट नोंदवायला तो गेला तेव्हा कार्यालयाने आधी नकार दिला. कारण काय, तर चित्र यंत्राने काढलं आहे. त्याने समजावलं की प्रोग्राम माणसाने लिहिलाय. मग आक्षेप आला की यात यादृच्छिक आकडे आहेत. त्याने पुन्हा समजावलं की तेही ठरलेल्या गणिताने निघतात. शेवटी नोंदणी झाली. यंत्राने काढलेल्या रेषेमागे एक माणूस आहे, हे कायद्याने मान्य केलं.

आता हाच प्रश्न कुडाच्या भिंतीवर नेऊन बघू.

भिंतीवर कोण काढायचं?

आज वारली चित्र म्हटलं की तारपा डोळ्यांसमोर येतो. पण या चित्रांचं मूळ ठिकाण लग्नघर. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. मध्ये पालघट देवी, आजूबाजूला सूर्य-चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या देव. हे काम सवाशिणींचं. आणि लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. चौक लिहिल्याशिवाय लग्न नाही.

या लग्नाला एक काळी बाजू होती, तीही सांगायला हवी. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडायला वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ पासून डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यात वारलींचा जो लढा उभा राहिला तो या वेठीविरुद्ध आणि लग्नगडी पद्धतीविरुद्धच होता. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याचीच हकीकत आहे. म्हणजे ज्या भिंतीवर चौक होता, त्याच घरातला नवरा कित्येकदा त्याच लग्नापायी गहाण पडलेला असे. ही चित्रं 'निरागस आदिम कला' म्हणून विकली जातात तेव्हा एवढं तरी आठवावं.

आणि 'आदिम' हा शब्द? वारली चित्रं हजारो वर्षं जुनी आहेत, असं सर्रास लिहिलं जातं. त्याचा आधार मुख्यतः एकच, गुहाचित्रांशी असलेलं साम्य. पण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढणं जगात कुणालाही सुचू शकतं. साम्य म्हणजे वारसा नव्हे. कुडाची भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, त्यामुळे जुनी चित्रं उरतच नाहीत. इथे इतिहास वस्तूत सापडत नाही, कृतीत सापडतो. दर लग्नाला नव्याने लिहायचं, आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून शिकून. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल कधीच साठवली गेली नाही, प्रोग्राम मात्र पिढ्यान्पिढ्या चालत राहिला.

भिंतीवरून कागदावर

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार मिथिलेत गेले होते आणि तिथल्या बायकांना भिंतीऐवजी कागदावर चित्रं काढायला त्यांनी प्रवृत्त केलं होतं. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी वारली पाड्यांवर आले. त्यांनी कागद दिला आणि त्यातूनच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे जगापुढे आले. एक पुरुष, आणि लग्न नसतानाही रोज चित्र काढणारा. १९७५ च्या सुमारास मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं, १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिशियन्स द ला तेर' या मोठ्या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

म्हशेंनी तारप्याचा फेर कागदावर कसा मांडला ते नीट बघा. फेर वरून पाहिलेला आहे, झाडावर चढून बघावं तसा. पण माणसं बाजूने दिसतात. दोन्ही एकाच वेळी खरं तर दिसूच शकत नाही. हे वरून बघणं कागदाबरोबर ठळक झालं, असं मला वाटतं. कागद जमिनीवर अंथरून काढता येतो, फिरवता येतो. नाचणाऱ्याच्या नजरेतून पाहिलेला फेर इथे आर्किमिडीजच्या नजरेला भेटतो.

२००३ मध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग म्हशेंच्या प्रदेशात आला. चालून चालून जमिनीवर रेषा आणि वर्तुळं उमटवणं हीच त्याची कला. दोघांचं एकत्र प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. एकाची रेषा पायांनी काढलेली आणि दुसऱ्याची रेषा पायांची, नाचणाऱ्या पायांची.

या कागदाने दोन गोष्टी केल्या. अनेक घरांना पैसा मिळाला, ही लहान गोष्ट नाही. आणि चित्राला 'चित्रकार' मिळाला, म्हणजे नाव मिळालं. पण ज्या बायका चौक लिहायच्या त्यांची नावं फारशी पुढे आली नाहीत. धवलेरींचीही नाहीत.

कागदावरून पडद्यावर

आता तिसरी उडी, ज्यात माझ्यासारखे लोक आहेत. २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 'प्रोसेसिंग' हे साधन आणलं आणि प्रोग्रामने चित्रं काढणं कुणाच्याही आवाक्यात आलं. मग सर्पिल, त्यावर त्रिकोणांची माणसं, तपकिरी पार्श्वभूमी, आणि नाव 'वारली'.

कायदा काय म्हणतो? वारली चित्रकलेला २०१४ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. त्या प्रदेशाबाहेर बनलेला माल 'वारली' म्हणून विकायला ते आडकाठी करतं. सर्पिल किंवा त्रिकोण काढायला नाही, आणि करूही नये. आर्किमिडीजच्या वक्ररेषेची मालकी कुणालाच देता येणार नाही. दुसरीकडे कॉपीराइट एका लेखकाला मिळतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. चौकाला एक लेखक नाही, म्हणून कॉपीराइटच्या नजरेत तो जवळजवळ नाहीच.

नॉलचं प्रकरण आठवा. यंत्राच्या मागे माणूस आहे, हे कार्यालयाला समजावता आलं, कारण तो माणूस एकटा होता, शिकलेला होता, त्याला अर्ज भरता येत होता. भिंतीच्या मागे अख्ख्या पाड्यातल्या बायका आहेत, हे कुठल्या अर्जात भरायचं?

जव्हार-मोखाड्याचं दुखणं तर आणखी वेगळं. या दोन तालुक्यांची नावं बाहेरच्या जगाला माहीत आहेत ती बहुतेक करून कुपोषणाच्या बातम्यांमुळे. कलेचं नाव झालं ते डहाणूकडे. इथला बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून रात्रभर चालणारा सोंगांचा उत्सव, आसपासच्या जिल्ह्यांबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. आणि मघाशी म्हटलं तसं तारप्यावर इथे फक्त वारलीच नाचत नाहीत. सर्पिल दिसलं की 'वारली' असं लेबल लावताना आपण इतरांना खोडून टाकतो.

मग आपण काय करायचं?

मी वक्ररेषा काढणं सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, नावाची. समीकरणातून आलेल्या सर्पिलाला सर्पिल म्हणा. त्यावर त्रिकोणांची माणसं चिकटवली म्हणून ते वारली होत नाही. ते नाव ज्यांच्या पोटाशी जोडलेलं आहे त्यांच्यासाठी राहू द्या. वारली चित्र हवं असेल तर चित्रकाराकडून घ्या आणि छापताना त्याचं किंवा तिचं नाव छापा.

दुसरी, शिकवण्याची. जव्हार-मोखाड्यातल्या आश्रमशाळांतल्या मुलांना सर्पिल शिकवायचं असेल तर पडद्यावरचं कासव दुसऱ्या दिवशी दाखवा. पहिल्या दिवशी त्यांना मैदानात फेर धरू द्या आणि दोरीने वेढ्यांमधलं अंतर मोजू द्या. वेढ्यांची संख्या आणि माणसांची संख्या वहीत लिहिली की कळेल, वेढे दुप्पट करायला माणसं चौपट लागतात. वर्गाचं सूत्र त्यांना स्वतःच्या पायांनी सापडेल. आणि गणित बाहेरून आलेलं, परकं काहीतरी आहे, असं त्यांना वाटणार नाही.

तिसरी, नोंदीची. तुमच्यापैकी कुणी या भागातले असाल तर आजी, मावशी, आत्या यांच्यापैकी चौक कोण लिहायचं, कुणाकडून शिकलं, हे विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर नावानिशी लिहून ठेवा. चित्राचा फोटो तर कुणीही काढतं. चौकाची आधी कुठली रेषा काढतात, कुठली शेवटी, मध्ये काय म्हणतात, हा क्रम फोटोत येत नाही. आणि खरा प्रोग्राम तोच आहे.

पुढच्या पोस्टमध्ये पुन्हा समीकरणांकडे: सूर्यफुलाच्या बियांचं सर्पिल चकलीसारखं का नसतं, ते पाहू. तोवर वर दिलेला ६० माणसांचा हिशोब वेगवेगळं अंतर धरून करून बघा. सूत्र सोपं आहे: रांगेची लांबी = ३.१४ × वेढ्यांमधलं अंतर × वेढ्यांच्या संख्येचा वर्ग. तुमच्या गावातल्या फेरात किती वेढे पडतात, ते मोजून मला नक्की कळवा.